माठाखालचा डबा

सौदागर,

परवा तुझ्या जलदान विधीला माणसं बरीच जमली होती. तुझ्या रेडिओच्या दुकानात एवढी माणसं एका वेळी कधी आली नाहीत. जी यायची ती रेडिओ टाकून जायची आणि न्यायला वर्षानं उगवायची. परवा मात्र प्रत्येकाला तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. एकानं सांगितलं, सौदागर मितभाषी होते. दुसऱ्यानं सांगितलं, ते सगळ्यांशी गोडीगुलाबीनं वागायचे. मी सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही माणसं नक्की कुणाच्या विधीला आलीत? ग्रामसेवकाचा रेडिओ 'ह्यात बिघाड न्हाय, ऐकणारा बिघडलाय' म्हणून परत करणारा माणूस गोडीगुलाबीचा? तू तिथं असतास तर तंबाखू थुंकायच्या निमित्तानं उठला असतास आणि विधी संपेपर्यंत एसटी स्टँडवर जाऊन बसला असतास.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. तू हेकट होतास. उभ्या जन्मात एकदाही 'मास्तर, तुझं बरोबर' असं तुझ्या तोंडून निघालं नाही. आणि माझ्याबद्दल तर मला त्याहून वाईट बोलायचं आहे. तिथं मी उठून बोललो, पण निम्मंच बोललो. राहिलेलं इथं लिहितो.

आपल्या डब्याची गोष्ट अख्ख्या भूमला माहीत आहे आणि अख्ख्या भूमला चुकीची माहीत आहे. म्हणून पहिल्यापासून सांगावी लागेल. तू कंटाळशील, तर कंटाळ.

बहात्तरच्या दुष्काळात आपली सगळी वस्ती खडी फोडायला होती. मला शाळेची नोकरी होती, तुला दुकान होतं, म्हणून आपण दोघं खडीतून वाचलो. भीमजयंतीच्या गायन पार्टीत अंकुश गायचा, मी गिटार वाजवायचो आणि तू साऊंड बघायचास. इलेक्ट्रिक गिटार साऱ्या तालुक्यात माझ्या एकट्याकडं होती. सोलापूरला मास्तरकीच्या ट्रेनिंगला असताना शिकलो, तिथला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ती माझ्याकडं आली. आपण कुणीतरी आहोत असं मला तिच्यामुळं वाटायचं. ती हातात नसताना मी चौथीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावणारा साधा मास्तर होतो, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ती एसटीतही मांडीवर उघडी ठेवायचो.

त्या वर्षीच्या जयंतीला भर दुपारी माझ्या स्पीकरचा कागद उन्हानं तडकला. गिटारचा आवाज एकदम फाटला. जाड कापड टराटरा फाडावं तसा. अंकुशनं गाणं तसंच रेटलं, लोक हसायला लागले आणि मी लाजेनं अर्धमेला झालो. तू मात्र स्पीकरला कान लावून बसला होतास. कार्यक्रम संपल्यावर मी तुला नाही नाही ते बोललो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मास्तर, ह्योच आवाज पायजे. तू लई गोड वाजवतोस. खडी फोडून आलेल्या माणसाला तुझं गोड काय करायचंय?"

मी म्हणालो, तो आवाज नाही, मोडतोड आहे. तू म्हणालास, तोच आवाज आहे, बाकीची मोडतोड. हे भांडण आपण पुढं जन्मभर केलं. तुझ्या दुकानात, माझ्या ओट्यावर, तामलवाडीच्या लग्नात वाढप्याच्या रांगेत उभं राहूनसुद्धा केलं. ते मिटलं नाही, आणि आता तू निघून गेल्यामुळं मला एकट्याला दोन्ही बाजू लढवाव्या लागतात.

कागद फाडून आवाज काढायचा तर दर कार्यक्रमाला नवा स्पीकर लागला असता. म्हणून तोच आवाज न फाटता काढणारा डबा करायचं तू डोक्यात घेतलंस. आपल्या भागात तेव्हा उपसा सिंचनाची सहकारी सोसायटी निघाली होती. सोसायटीला चेअरमन होता, सेक्रेटरी होता, उद्घाटनाचा दगड होता, मोटारी होत्या. फक्त उपसायला पाणी नव्हतं. मोटारींच्या मेन स्वीचचे लोखंडी डबे शेडमध्ये गंजत पडले होते. त्यातला एक तू वॉचमनला सांगून उचलून आणलास. त्या सोसायटीतली कुणाच्या उपयोगाला आलेली मला माहीत असलेली ती एकच वस्तू. गाणं चालू असताना पायानं दाबून आवाज बदलता यावा म्हणून तू डब्याच्या झाकणात एका भंगार जीपचा डिपर बसवलास. जीपवाले दिवा खाली-वर करायला पायानं दाबतात तो. आत टॉर्चचे सेल, आणि बंद पडलेल्या रेडिओंच्या पोटातले दोन ट्रान्झिस्टर, शेंगदाण्याएवढे, तीन-तीन तारांचे. ते दोन मिळायला तू दोन महिने घालवलेस. एकेक जोडायचा, मला गिटारची एकच तार छेडायला लावायची, कान द्यायचा आणि मान हलवून काढून टाकायचा. तुझ्याकडं मीटर होता. मी म्हणालो, त्यानं तपास. तू म्हणालास, मीटर गाणं ऐकतो काय?

ज्या दिवशी तो डबा बोलला त्या दिवशी वाशीच्या गाडीला उभी असलेली माणसं तुझ्या दुकानापुढं येऊन थांबली. एकच सूर लांबवर चालला होता, खरखरीत, अंगावर येणारा, आणि संपायचं नाव घेत नव्हता. मला तो आवडला. तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो. तेव्हा मी एवढंच म्हणालो की चालेल, पण सगळ्या गाण्यांना नको.

आणि मग उन्हाळा आला आणि तुझ्या त्या डब्यानं आपला स्वभाव दाखवला. ऊन तापलं की त्याचा आवाज गुदमरायचा. सूर अर्ध्यात तुटायचा, मग नुसतं चुरचुर. तू म्हणालास, ह्या जुन्या ट्रान्झिस्टरांना उष्णता सोसत नाही. मी म्हणालो, मग धाराशिवात कशाला जन्माला घातलेस? तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी तू डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरातल्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलास. कार्यक्रमात त्याच्यावर ओलं फडकं घालायचं, चार घड्यांचं, पिळून घेतलेलं. दर दोन गाण्यांना ते भिजवायचं. ते काम तू कुणाला करू द्यायचा नाहीस. अँप्लिफायरच्या मागं उकिडवा बसायचास, शेजारी पितळी तांब्या, आणि डोळे माझ्या पायाशी.

सुभद्रावहिनी त्यावरून तुझ्याशी किती भांडली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही आपल्या वस्तीत सगळ्यात शेवटी. एकदा मी तुझ्या दारात उभा होतो. ती हंडा कमरेवरून उतरवत म्हणाली, "लेकरांस्नी आंघूळ न्हाय चार दिसं, आन् तुमच्या डब्याला न्हाऊ घालायचं?" तू हंड्यातून तांब्या भरून घेतलास आणि निघालास. मला तेव्हा तुझा राग आला होता. बायकोनं वाहून आणलेलं पाणी एका खोक्यावर ओतणारा माणूस! मी ते तुला तोंडावर बोललो. तू म्हणालास, "म्या माझ्या वाटणीचं वततोय. तहान मला हाय, तिला न्हाय." तू खरंच त्या दिवसांत कार्यक्रमाला पाणी पीत नव्हतास, हे मला वहिनीनं परवा सांगितलं.

आता माझी पाळी.

तीन-चार वर्षांनी आपल्या भागात साखर कारखाना निघाला. चेअरमन तोच, उपसा सोसायटीवाला. पाणी उपसता आलं नाही म्हणून लोकांनी त्याला ऊस गाळायला दिला. ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे, शेळी राखता आली नाही की त्याला म्हैस बांधून द्यायची. गाळपाच्या पहिल्या मोळीच्या कार्यक्रमाला त्यानं आपली गायन पार्टी बोलावली. का, ते मला माहीत आहे. निवडणूक जवळ होती आणि वस्तीची मतं होती. अंकुशला आधी निरोप आला की गाणी जरा बेतानं म्हणा. आपण बेतानं म्हणायला तयार झालो. केवढा मान वाटला होता, आठवतंय? मी शर्टाला इस्त्री केली होती.

ऑक्टोबरचं ऊन होतं आणि वर पत्र्याचा मांडव. चेअरमन स्टेजवर आला, माझ्या पायाजवळचा डबा त्यानं पाहिला आणि पायताणाच्या टोकानं ढकलला. "ह्ये काय डबडं आणलंय रं? कारखान्याचा कार्यक्रम हाय, भंगाराचं दुकान न्हाय." तो डबा त्याच्याच सोसायटीचा. ज्या स्वीचला त्यानं उद्घाटनाला हार घातला होता त्याचाच. त्याला ओळखू आला नाही, कारण चालू झालेली वस्तू त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा वाटलं, आता हा डबा उचलून टाकायला लावेल, मग गिटार, मग आपल्या सगळ्यांनाच खाली उतरवेल. तू माझ्यापासून तीन हातांवर, अँप्लिफायरच्या मागं, फडकं पिळत बसला होतास. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे आमच्या सौदागरनं केलंय, भूमच्या. एवढं एक वाक्य. वर्गात रोज पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणारा माझ्यासारखा मास्तर म्हणाला, "जपानचं हाय, साहेब."

चेअरमन वाकला. त्यानं डब्यावरून हात फिरवला, ज्याला पायताण लावलं होतं त्याच्यावरून. माईक घेऊन सगळ्यांना सांगितलं की आपल्या भागातल्या कलाकारांनी खास जपानहून यंत्र मागवलंय, ही सहकाराची प्रगती आहे. टाळ्या पडल्या. मग मी वाजवलं, आणि तोच फाटका आवाज, ज्याला जयंतीला लोक हसले होते, तो जपानी आहे म्हटल्यावर लोकांनी माना डोलावल्या. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी ती विकून मी टाळ्या घेतल्या. दोन गाणी झाली की तू उठून फडकं बदलत होतास. लोकांना वाटलं असेल, जपानी यंत्राची देखभाल करायला माणूस ठेवलाय.

परतीच्या एसटीत मी तुझ्या शेजारी बसलो. म्हटलं, आता भांडेल. माझी सगळी उत्तरं तयार होती. आपल्याला खाली उतरवलं असतं, तुलाच त्रास झाला असता, वेळ निभावून नेली, असली मास्तरी उत्तरं. तू खिडकीबाहेर बघत होतास. ईट गाव मागं पडल्यावर एवढंच म्हणालास, "जपानात पाणी लई असंल, मास्तर."

आठवड्यानं दुकानात आलो तर डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं सुबक इंग्रजी अक्षरं होती, मेड इन जपान. तू ती स्वतः काढली होतीस. ब्रश अजून रॉकेलमध्ये होता. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, लोकांनी विचारलं तर तुला दर वेळी बोलायचं कष्ट नकोत. आवाजात राग नव्हता. तो असता तर मी हात जोडले असते आणि मोकळा झालो असतो. तू सोल्डरिंगची कांडी तापवायला घेतलीस आणि मला म्हणालास, चहा सांग.

त्यानंतर बार्शीच्या एका ऑर्केस्ट्राचे लोक तुझ्याकडं आले होते, तसला डबा कुणाकडून मिळेल विचारत. तुझ्यासमोर बसून विचारत होते. तू त्यांना सांगितलंस, जपानला कागद लिहा. ते खरंच पत्ता मागायला माझ्याकडं आले. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही. त्या दिवशी मी सांगितलं असतं तर तुला आणखी डबे करता आले असते, तुझं नाव बार्शीला, सोलापूरला गेलं असतं. तू मरेपर्यंत त्याच टपरीत लोकांचे खरखरणारे रेडिओ उघडत बसला नसतास. हे माझं काम आहे. दुष्काळाच्या किंवा चेअरमनच्या नावावर मला ते ढकलता येत नाही. ढकलून पाहिलंय.

तर परवा. माजी चेअरमन काठी टेकत आला. त्याला पुढं खुर्ची दिली, कारण आपल्या लोकांना खुर्ची दिल्याशिवाय राहवत नाही. मी तुझ्या इच्छेप्रमाणं, म्हणजे अंकुशच्या म्हणण्याप्रमाणं तुझी इच्छा होती म्हणून, गिटार आणली होती आणि तुझ्या माठाखालचा डबा बाहेर काढला होता. वंदना झाली, पंचशील झालं, आणि चेअरमन बोलायला उठला. म्हणाला, सौदागर म्हणजे हरहुन्नरी माणूस. आमच्या पहिल्या मोळीला ते जपानी यंत्र आणलं होतं, ते सांभाळायची अक्कल साऱ्या तालुक्यात याच्या एकट्याकडं होती.

मी उठलो. म्हणालो, तो डबा जपानचा नाही. तो सौदागरनं केलाय, तुमच्या सोसायटीच्या भंगारातून, आणि जपानचा आहे असं खोटं मी बोललो होतो. माझा आवाज पहिल्यांदा एवढा स्पष्ट निघाला असेल.

काय झालं सांगू? काही झालं नाही. चेअरमननं मान हलवली आणि हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "मास्तर, जिवाभावाचा दोस्त गेल्यावर माणसाला असं वाटतं." मागून कुणीतरी म्हणालं, पण वर इंग्रजीत लिहिलंय की. माणसं कीव करून माझ्याकडं बघत होती. इतकी वर्षं मी एका खोट्याला पाणी घातलं होतं, आता ते माझ्याहून मोठं झालं होतं. मी खाली बसलो. अंकुश म्हणाला, मास्तर, वाजव.

मी वाजवलं. बाराचं ऊन, वर मेणकापड, आणि डबा गुदमरला. सूर अर्ध्यात तुटला. पुन्हा छेडला, पुन्हा चुरचुर. लोक चुळबुळ करायला लागले. मी अँप्लिफायरच्या मागं पाहिलं. सवयीनं पाहिलं, सौदागर. तिथं कुणी नव्हतं.

तेवढ्यात सुभद्रावहिनी बायकांतून उठली. विधीसाठी भरून ठेवलेला तांब्या बाजूला होता, त्याला तिनं हात लावला नाही. घरात गेली, आपल्या हंड्यातलं पाणी घेऊन आली. फडकं भिजवलं, पिळलं, चार घड्या केल्या आणि खाली बसून डब्यावर नीट अंथरलं, डिपर मोकळा ठेवून. तिला ते कुणी कधी शिकवलं नव्हतं. ती तिथंच उकिडवी बसून राहिली. खुर्चीकडं न बघता म्हणाली, "जपानी न्हाय त्यो. माझ्या हंड्याचं पाणी पिऊन वाढलाय."

चेअरमन काठीच्या मुठीकडं बघत राहिला. दोन-तीन मिनिटं आम्ही सगळे नुसते बसून होतो, डबा निवायची वाट बघत. मग मी एक सूर छेडला. फाटका, खरखरीत, तुझा. तो लांबवर गेला आणि तुटला नाही.

डबा आता माझ्या घरी आहे, वहिनीनंच दिला. माझ्या माठाखाली, ओल्या वाळूत. काल पॉलिशपेपर घेऊन ती पांढरी अक्षरं घासायला बसलो होतो. पहिल्या अक्षराचा कोपरा गेला आणि हात थांबला. तू चोपडी ठेवली नाहीस, पत्र कधी लिहिलं नाहीस, पावतीसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचास. तुझ्या हातचं म्हणून तेवढंच शिल्लक आहे, आणि ते माझं खोटं आहे.

चेअरमनला मी ओळखून होतो, त्याचं मला काही वाटत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांचंही नाही. पण तू मला एक शिवी द्यायला हवी होतीस, सौदागर. एसटीतून खाली ढकलायला हवं होतं. तू भांडला नाहीस. मी जपान म्हणून हिंडवत असलेल्या तुझ्या डब्यावर, आपल्या वाटणीचं पाणी आणून, मरेपर्यंत ओतत राहिलास.